नागअळीचं गाऱ्हाणं

साल अठ्ठावन्न. धामापूरची कावेरी घरामागच्या परड्यात आली, तर एक परका तरुण तिच्या कागदी लिंबाची पानं खुडत होता!

"कोण रे तू? लिंबा गावली नाय म्हणान पानां चोरतस?"

तो वळला. कानापर्यंत लाल, पण डोळे हसरे. "मी विश्राम. कुडाळाक शेतकी खात्यात आसंय. ह्या पानांर कायतरी दिसलां, म्हणान..."

"करणी आसा ती!" पानापानावर चांदीसारख्या रेघा, सापासारख्या वळत गेलेल्या. एवढंही कळू नये शिकलेल्याला? "शेजारच्या आनंदीबायन केल्यान. सोमवारी देवळात तिचां नाव घेवन गाऱ्हाणां घातलंय. सगळ्या गावासमोर!"

त्याचं हसू विझलं. खिशातलं भिंग काढून त्याने पान उन्हात धरलं, तिला जवळ बोलावलं. पदर त्याच्या हाताला लागला... दोघंही बिचकली. पानाच्या पातळ सालीखाली, रेघेच्या टोकाशी, पिवळसर अळी हळूहळू सरकत होती.

"हिका नागअळी म्हणतत. तांदळाच्या कण्येएवढां पाखरू पानार अंडी घालता. अळी आतल्या आत खात जाता, मागे ही रेघ रवता. करणी नाय गो... तिचां पोट."

"तुका कोणी सांगल्यान?"

"पुस्तकान. नि आनंदीमावशी दोन दिस जेवूक नाय, तां तिनाच सांगल्यान. मी तिचो भाचो."

तो निघाला. एकदा तरी वळून बघेल, असं तिला वाटलं — नाही बघितलं.

घातलेलं गाऱ्हाणं मागे घेणं तिच्या घराण्यात कुणाला ठाऊक नव्हतं. तरी पुढल्या सोमवारी ती देवळात, देवीसमोर, गुरवापुढे उभी राहिली, मान खाली घालून.

"बाय माझे... आनंदीबायचां नाव मी उगाच घेतलंय."

"आवाज खंय गेलो गो?" गर्दीतून आनंदीबाई कडाडली. "त्या दिसा तर तळ्यापलीकडे ऐकाक गेलेलो!"

कावेरीने ते पुन्हा म्हटलं, मोठ्याने. आनंदीबाई पाठ फिरवून निघून गेली.

देवळाबाहेर, तळ्याकाठी विश्राम थांबला होता.

"माझ्याकडे बघू नको," ती म्हणाली. "लाज वाटता."

"बघूकच कुडाळासून इलंय. मागणी घालूक... मावशेक धाडू?"

तिचे डोळे भरून आले.

"आधी तिच्या पायां पडतंय. मगे तिका वाटलां, तर येवदे."