पेडलवरचा पाय

ब्रेकचं पेडल दाबून बसायचं काम तुम्ही कधी केलंय का हो? वरकरणी सोपं. खालचा माणूस 'दाबा' म्हणाला की दाबायचं, 'सोडा' म्हणाला की सोडायचं. मधे आपल्या मनानं काही करायचं नाही.

उम्म रामेझ त्या दुपारी तेच करत होती. लेबनॉनच्या डोंगरातलं तनूस मिस्त्रीचं गॅरेज धुक्यानं भरलं होतं. बाहेर जनरेटर धडधडत होता. गाडी तिच्या नवऱ्याची, नायेफची, जुनी टॅक्सी. घाटातल्या वळणावर एबीएस, म्हणजे ब्रेक आपोआप धरणारी-सोडणारी यंत्रणा, बिघडली; पेडल पायाखाली थडथडत राहिलं, गाडी थांबलीच नाही. नायेफ गेला, गाडीला मात्र पोचा तेवढा आला. आता मुलाला, रामेझला, बंदरावर नोकरी लागली होती. उद्या सकाळी तो हीच गाडी घेऊन तोच घाट उतरणार होता.

"दुसरी गाडी घ्यायला देव पैसे टाकतोय थोडाच!" तनूस म्हणाला होता. "ती एबीएसची पेटी काढून फेकतो, सरळ नव्या नळ्या टाकतो. नळ्यांतली हवा काढेपर्यंत तुम्ही फक्त पेडल सांभाळा. आणि स्वयंपाकघरासारखी इथं हुकमत नको हं!"

पहिल्या चाकाच्या ब्रेकनळीतली हवा निघाली. समोर उघडं बॉनेट, त्यामुळे तिला काहीच दिसत नव्हतं. ब्रेक ऑइलचा उग्र वास मात्र डोक्यात चढत होता.

"दाब," खालून आवाज आला.

"दाबलं."

"सोड… दाब… धर."

चाकामागून चाक झालं. मग तिच्या ध्यानात आलं. तनूस तिला कधीच अगंतुगं करत नसे.

"उस्ताद…?"

"धर. सोडू नकोस."

तिनं पाय उचलायला पाहिलं. उचलेना. तिच्या पायावर कुणाचा तरी पाय होता. जड, गार, टाच रोवलेला.

तेवढ्यात दारातून तनूस आत आला. हातात ऑइलचा डबा.

"पेडल धरून का बसलायत? ऑइल संपलं, आणायला जातो म्हणून ओरडलो होतो. तो जनरेटर मेला ऐकू देईल तर ना!"

"उस्ताद… पाय निघत नाही माझा."

तो हसला, मग तिचा चेहरा पाहून पुढे झाला. वाकून त्यानं तिचा घोटा धरला, ओढला. पाय हलला नाही. बऱ्याच वेळानं पेडल आपणहून वर आलं, तेव्हा कुठे सुटला.

तनूस गाडीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. "मी एकच चाक केलं होतं… चारही चाकांचे हवा काढायचे नट आवळलेत. बॉनेटखालची ब्रेक ऑइलची डबी काठोकाठ आहे."

संध्याकाळी रामेझ आला.

"नको रे नेऊस," ती म्हणाली.

"आई, पहिला दिवस आहे. पायी उतरू का डोंगर?" त्यानं पेडल दाबून पाहिलं. "दगडासारखं घट्ट! उस्ताद, हात चुंबायला हवेत तुमचे."

तनूसनं हात मागे घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामेझ घाट उतरून सुखरूप बंदरावर पोचला. फोनवर म्हणाला, ब्रेक झकास आहेत. फक्त बाबांच्या त्या वळणावर त्यानं पाय ठेवायच्या आधीच पेडल खाली गेलं, आणि गाडी थांबल्यावरही बराच वेळ वर आलं नाही.