ताऱ्याच्या खुणेचा रोट

फेस शहरातल्या त्या गल्लीत घरोघरची मळलेली कणीक रोज सकाळी फळीवरून बा अल्लालच्या सामाईक भट्टीत भाजायला जाते. कुणाचा रोट कुणाच्या घरी जाऊ नये म्हणून प्रत्येक घराची कणकेवर टोचलेली खूण असते. घीताच्या घरची खूण तीन टिंबं. रोट भाजून आले की ती फोटो काढून इन्स्टाग्रामवरच्या आपल्या पानावर टाकायची. शाळेतली नोकरी सुटल्यापासून तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं आणि त्यात तिने जीव ओतला होता.

एक दिवस फोटोखाली कुणा 'शेजारणी'ने लिहिलं, 'बाळ, आज मीठ कमी पडलंय.'

"लल्ला बतूल, ऐकलंस का? फोटोत मीठ दिसतं म्हणे!" घीता थोरल्या बहिणीला हसत म्हणाली.

बतूलने तुकडा मोडून चाखला. मीठ खरंच कमी होतं.

मग रोजचंच झालं. 'हिरवा रुमाल शोभतो हं तुला.' 'जिन्याची पायरी हलतेय, जपून उतर.' 'काल का रडलीस गं?' फोटोत ना रुमाल होता ना जिना. शब्द सगळे मायेचे, पण वाचून झालं की घीता उठून खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. तिने ब्लॉक केलं, तर बया दुसऱ्या नावाने हजर!

"बंद कर ते पान," बतूल म्हणाली.

"मी का बंद करू? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"बरं बाई. मग पकडूच या तिला."

दुसऱ्या दिवशी दार लावून कणीक बतूलने मळली. तीन टिंबांऐवजी केसातल्या पिनेने तारा टोचला. फोटो टाकलाच नाही. फळी दोघींनी नेली आणि रोट भाजेपर्यंत भट्टीपुढे बसून राहिल्या.

"आज माझ्यावर पहारा का गं पोरींनो?" बा अल्लाल हसला. त्याच्याकडे जुना बटणांचा फोन.

परतताना घीताचा फोन वाजला. 'आज बतूलने मळलं ना? तिच्या हाताला जोर कमी. तारा मात्र गोड.'

घीताने बहिणीकडे पाहिलं. बतूलने स्वतःचा फोन तिच्या हातात दिला. "बघ. सगळं बघ."

घीताने तो न बघताच परत केला आणि तिला मिठी मारून रडली. त्याच दुपारी तिने पान कायमचं पुसून टाकलं. जीव तुटला, पण निदान पीडा तरी टळली.

आठ दिवस शांततेत गेले.

नवव्या दिवशी तीन टिंबांचे पाच रोट भट्टीत दिले. फळी परत देताना बा अल्लाल म्हणाला, "आज सहा? पाहुणी आलीय का गं घरी?"

घरी येऊन घीताने फडकं उचललं.

पाचांवर तीन टिंबं होती. सहाव्यावर तारा.

"टाकून दे," असं बतूलच्या ओठांवर आलं होतं. पण रोट कुणी टाकतं का?

घीताने कोपरा मोडला आणि जिभेवर ठेवला.

मीठ अगदी बेताचं होतं.