चित्र भिंतीवरच आहे

"माझ्या घरातलं चित्र चोरीला गेलंय," म्हातारे गृहस्थ म्हणाले.

"कुठून?" वहिनींनी विचारलं.

"जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवरून."

"आता त्या भिंतीवर काय आहे?"

"चित्र."

भावोजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि वहिनींकडे असं पाहिलं, की बघा, सकाळीसकाळी काय वाढून ठेवलंय.

वहिनी खासगी तपासाची कामं करत. नवरा गेल्यावर त्याचं ऑफिस त्यांनीच पुढे चालवलं. धाकटे दीर म्हणजे भावोजी. ते बसमधले निवृत्त कंडक्टर. घरी एकट्याला करमत नाही हे न सांगता ते "तुम्हाला सोबत म्हणून" रोज ऑफिसात येऊन बसत. त्या मजल्यावर सगळेच या दोघांना वहिनी आणि भावोजी म्हणत.

गृहस्थ मुद्रितशोधक होते, म्हणजे छपाईला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका शोधणारे. शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली, नजर अगदी स्वच्छ. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

"चित्र माझ्या बायकोचं. तिच्या भावानं हौसेनं काढलेलं. खिडकीशी शिवत बसलीय. विकायला नेलं तर फ्रेमचेच पैसे येतील. ती गेल्यापासून मी त्याच्यासमोर बसून जेवतो. मधली दोन वर्षं डोळ्यांपुढे धुकं होतं. आता दिसायला लागलं, आणि ते चित्र ते नाहीच."

"काय बदललंय?"

"तेच तर सांगता येत नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर बोट ठेवलं, आणि इथे बोट कुठे ठेवू तेच कळत नाही. आधी ती कामात असायची. तिनं तिचं करावं, मी माझं जेवावं. आता ती नुसती बसलीय. माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

"मुलं काय म्हणतात?"

"मुलगा म्हणतो, डोळे नवे बसवले, डोकं जुनंच राहिलं. मी पोलिसांकडे गेलो तेही त्याला लागलं. रविवारी मला वृद्धाश्रमात नेणार आहे, जागा ठरलीय. चित्र बदललंय हे सिद्ध झालं तर मी शहाणा. नाहीतर मी कसा आहे ते सगळ्यांनी ठरवलंच आहे."

वहिनींनी पर्स उचलली.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. स्वच्छ, आवरलेलं आणि फार शांत. ओट्यावर एकच ताट, एकच वाटी पालथी घातलेली होती. वहिनींनी ती पाहिली आणि नजर वळवली. त्यांच्याही ओट्यावर तसंच असे.

चित्रातली तरुण बाई खिडकीच्या काळ्या चौकटीशी बसली होती. डावा हात मांडीवरच्या कापडावर, उजवा हात कानाजवळ उचललेला, अंगठा आणि तर्जनी जुळलेली. सगळ्या चित्रावर बारीक तडे होते. चेहऱ्यावर, कापडावर, खिडकीवर, सगळीकडे सारखेच.

"जुनं तर दिसतंय," भावोजी म्हणाले.

"दिसतंय खरं. काका, हे कधी घराबाहेर गेलं होतं?"

"मागच्या वर्षी. रंग तडकत चालला होता, म्हणून मुलीनं त्याचा फोटो काढून घेतला. आईची एक प्रत तिला हवी होती. स्टुडिओतून चित्र तिनं आणलं, काही दिवस तिच्याकडे होतं. मग मुलानं आणून टांगलं. मला तेव्हा नुसता रंगांचा ढग दिसायचा."

"मागची फळी उघडू का?" भावोजींनी हात पुढे केला.

"आत्ता नको. उघडलं तर आत काय आहे ते कळेल. खरं चित्र कुठे आहे ते नाही कळणार."

फोटो स्टुडिओचा मालक गप्पिष्ट निघाला. जुने फोटो कॉम्प्युटरवर साफ करण्यात त्याचा हातखंडा होता, आणि हे तो स्वतःच सांगत होता.

"हा कच्चा फोटो बघा." पडद्यावर चित्र उमटलं. खिडकीचा काळा रंग सुकलेल्या तळ्यासारखा फुटला होता. चेहऱ्यावर मात्र तडे तुरळकच होते. "आणि हा साफ केलेला. एकेक तडा पुसायचा आणि शेजारचा रंग त्यावर ओढायचा. डोळ्यांचं पाणी होतं, ताई."

"सगळ्यात त्रासदायक कुठला तडा?"

"खिडकीतले. धूळ बसून काळे पडलेले, वेडेवाकडे. सगळ्यात सोपा हा, हातापासून मांडीपर्यंतचा. पांढरा, सरळ, केसाएवढा. एका फटक्यात गेला."

वहिनींनी कच्चा फोटो पुन्हा लावायला सांगितला आणि त्या बराच वेळ पाहत राहिल्या. भावोजींनी जांभई दाबली.

"हा कच्चा फोटो कुणी नेला?"

"तड्यांचा फोटो कोण नेईल? तो माझ्याकडेच असतो. साफ केलेला कॅनव्हासवर छापून मुलीला दिला, मूळ चित्रासकट. एकच छाप काढला. मुलाला फोन केला होता, तर म्हणाले, मला नको, भिंतीवर जागा नाही."

मुलाचं औषधांचं दुकान होतं. गिऱ्हाइकं करता करता तो बोलत होता.

"साठी बुद्धी नाठी म्हणतात, बाबा तर केव्हाच पुढे गेलेत. खोकल्याचं ना? हे घ्या, दिवसातून दोनदा. अहो, चित्र मी स्वतः टांगलंय. त्या खोलीत एकटेच बसून त्याच्याशी बोलतात. आश्रमात निदान माणसं असतील."

"तुम्ही त्यांच्याकडे शेवटचं जेवायला कधी गेला होता?"

त्याने सुटे पैसे मोजायला घेतले. "दुकान असतं," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, "हाच. बापाला वेडा ठरवायचं आणि घर घशात घालायचं."

"घर हवं असेलही. पण घरासाठी चित्र कशाला बदलेल?"

मुलगी नाटकांसाठी सामान बनवत असे. तिच्या शेडमध्ये राजाच्या खुर्चीपासून खोट्या विहिरीपर्यंत सगळं होतं. नव्याकोऱ्या दरवाजावर ती ब्रशनं काहीतरी चोपडत होती. जिथे ते सुकलं होतं, तिथे रंग तडकून दरवाजा पार म्हातारा झाला होता.

"वा! मला नका लावू हे," भावोजी म्हणाले. "माझं आपोआप झालंय."

ती हसली, पण डोळे हसले नाहीत. नवरा सोडून गेल्यापासून शेडच्या वरच्या खोलीत ती एकटीच राहत होती.

"बाबांना नक्की काय वेगळं दिसतंय?" तिने विचारलं.

"ते सांगता येत नाही म्हणतात. तुमच्याकडचा छाप बघायला मिळेल?"

"गुंडाळून ठेवलाय कुठेतरी. फ्रेम करायची राहिलीच."

शनिवारी दुपारी वहिनींनी दोन्ही मुलांना वडिलांच्या घरी बोलावलं. जेवणाच्या टेबलाशी पाचवी खुर्चीच नव्हती, भावोजी दाराशी उभे राहिले.

"काका, तुमचं बोट मी ठेवते," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी चित्रातल्या बाईच्या उचललेल्या हातापासून मांडीवरच्या कापडापर्यंत हवेत रेघ ओढली. "इथे काय होतं?"

म्हाताऱ्यांचे ओठ हलले. "दोरा," ते म्हणाले. "ती दोरा ओढत होती."

"जुन्या रंगाचा तडा वाकडा असतो आणि धुळीनं काळा होतो. कच्च्या फोटोत एकच रेघ सरळ आणि पांढरी होती. भावानं बहिणीला टाका ओढताना रंगवलं होतं. फोटोवाल्याला ती रेघ तडा वाटली, त्यानं पुसली. दोरा गेला आणि बाईचं कामच गेलं. मग काका म्हणाले, ती नुसती बसलीय. त्यांचं डोकं एकदम ठिकाणावर होतं."

मुलगा उठून चित्राजवळ गेला. "म्हणजे हा साफ केलेला छाप आहे? मग तडे कुठून आले?"

"तोच प्रश्न. हे तडे सगळीकडे सारखे आहेत. खऱ्या चित्रात खिडकी फुटली होती आणि चेहऱ्यावर थोडेच होते. म्हणजे हे नंतर आणलेत. आता बघा, फोटोवाल्याला चित्र लाटायचं असतं तर त्यानं कच्चा फोटोच छापला असता. खरे तडेही आले असते आणि दोराही. ज्याच्याजवळ फक्त साफ केलेला छाप होता, त्यालाच तडे बनवावे लागले. तुम्ही तर छाप घेतलाच नाही. एकच छाप निघाला, आणि तो एकाच घरी गेला. त्या घरात नवं जुनं करायचा रोजचा सराव आहे."

भावोजींनी फळी उघडली. मागचा कॅनव्हास पांढराशुभ्र होता.

मुलीनं भावोजींच्या हातातून फळी घेतली आणि टेबलावर ठेवली.

"त्यांना दिसतच नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटलं, त्यांना ढग पुरतो, तर मला आई असू दे. मी घरी जाते तेव्हा घरात कुणीच नसतं. दोरा गेलाय हे माझ्या लक्षातही आलं नाही. मी फक्त तिचा चेहरा बघायचे. बाबा, मागितलं असतं तर दिलं असतंत?"

"नसतं दिलं," म्हातारे म्हणाले.

"मग ऑपरेशन झालं. रोज ठरवायचे, आज सांगते."

"चित्र नेलंस त्याचं मला काही नाही. पण हा मला वेडा म्हणत होता, तेव्हा तू इथेच बसली होतीस. या खुर्चीत. मी तुझ्याकडे बघत होतो."

ती रडायला लागली. वहिनींना पुढे व्हावंसं वाटलं, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिथे परक्यानं काय करावं? त्या जागेवरच बसून राहिल्या.

"मी उद्याच आणून टांगते, बाबा."

"नको. तुझ्याकडेच राहू दे. तुझ्याही घरी कुणी नाही." मग ते मुलाकडे वळले. "ती उद्याची जागा अजून आहे का?"

"छे, आता कशाला! मी फोन करून नको म्हणून सांगतो."

"येतोय म्हणून सांग."

"बाबा, अहो, तुम्ही ठणठणीत आहात. आता सिद्धच झालंय."

"म्हणूनच. वेडा ठरून जायचं नव्हतं, एवढंच. शहाण्या माणसालाही या घरात एकट्यानं जेवणं जमत नाही, रे. तिथे एका टेबलावर चार जण बसतात म्हणे. कुणीतरी मीठ मागेल."

मुलानं खिशातून फोन काढला, पण नंबर लावायला त्याला बराच वेळ लागला.