चार वाजताची शिकवणी

त्या दिवशीही चार वाजता ऑपरेटर आला आणि बाबांनी नेहमीप्रमाणे परिच्छेद हरवून ठेवला होता.

"कट केला होता," बाबा म्हणाले. "मग मध्येच एक शीर्षक कॉपी केलं. आता पेस्ट करतोय तर शीर्षकच येतंय... परिच्छेद गेला कुठे?"

"काका, कॉम्प्युटर एका वेळी एकच गोष्ट धरून ठेवतो. दुसरी दिलीत की पहिली सोडून देतो."

"म्हणजे आमच्या मुलीसारखा नाही. ती एकदा धरलं की सोडत नाही."

दोघं हसले. शेजारच्या टेबलाशी प्रुफं तपासत बसलेल्या मुलीने मान वर केली नाही.

चाळीस वर्षं बाबांनी पुस्तकांची पानं कात्री आणि डिंकाने जुळवली होती. मग घरात कॉम्प्युटर आला आणि प्रकाशकांनी या तरुण ऑपरेटरला आठवडाभर शिकवायला पाठवलं. त्याला आता चार महिने होत आले, तरी बाबांची गाडी कट-कॉपी-पेस्टपाशीच अडलेली. ती शिकवायला बसली की त्यांना जांभया येत. तो आला की मात्र चष्मा पुसून, खुर्ची सरसावून तयार. तिच्या पोटात दुखायचं.

आणि तोही तसाच... बाबांच्या खांद्याला खांदा लावून पडद्यावर वाकलेला. तिच्या टेबलाशी यायचा तो फक्त खोडरबर मागायला. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्याला खोडरबर कशाला लागतं, हा प्रश्न तिला कधी पडला नाही.

"तुमचं लाल पेन फार कडक आहे," त्या दिवशी खोडरबर परत करताना तो म्हणाला.

"ते चुका करणाऱ्यांसाठी असतं."

"मग एखादी करून बघू?"

"बाबांकडे बघा. त्यांचा परिच्छेद हरवलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

पंधरा दिवसांनी ऑपरेटर अर्धवट पुस्तकाची फाइल न्यायला आला. तिने फाइल उघडली, तर पुस्तक पूर्ण होतं. एकूण एक परिच्छेद जागच्या जागी.

"हे तुम्ही केलंत?"

"काकांनी. पहाटे करायचे, तुम्ही उठायच्या आधी."

"त्यांना साधं पेस्ट जमत नव्हतं."

"दुसऱ्याच आठवड्यात जमलं होतं."

"मग तुम्ही रोज—"

"ते म्हणाले, तू चारला येत जा, मी काहीतरी हरवून ठेवतो." तो की-बोर्डकडे बघत राहिला. "मी नाही म्हटलं नाही. मला यायचंच होतं... कधीतरी तुम्ही मान वर कराल म्हणून."

तिला बरं वाटायला हवं होतं. पण पोटात तेच जुनं दुखणं उठलं.

"म्हणजे तुम्हा दोघांचं गुपित. माझ्यापासून हातभर अंतरावर."

"रागावलात?"

तिने उठून त्याला खुर्ची मोकळी करून दिली. त्याने फाइल कॉपी करून घेतली, चपला घातल्या. आता चार वाजता इथे यायला त्याला काही कारण उरलं नव्हतं. त्याने दार उघडलं.

"थांबा," ती म्हणाली. आवाज तिलाच अनोळखी वाटला. "मी जळत होते. बाबा तुमच्याशी हसायचे म्हणून तुमच्यावर. आणि तुम्ही त्यांच्या शेजारी बसायचात... म्हणून बाबांवर. बाबांवर जास्त."