एकवीस नावं आणि तीनशे बारा पाहुणे

तीनशे बारा माणसं आमच्या दुकानी येऊन गेली आणि एकानेही पेटी दुरुस्तीला टाकली नाही. आहे की नाही कोडं?

दुकान म्हणजे निंबळकातलं माझ्या मनवाआत्याचं हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान, आणि माणसं आली ती त्याच्या वेबसाइटवर. पूर्वी रस्त्याने जाणारा माणूस पाटी वाचून आत शिरायचा. गेल्या वर्षी हवाई बस सुरू झाली आणि लोक आमच्या डोक्यावरून भुर्रकन जाऊ लागले. आता पाटी वाचणार कोण, कावळे? आत्याने सांगूनच टाकलं, "दिवाळीपर्यंत कामं आली तर ठीक. नाहीतर कुलूप लावते आणि पुण्याला कारखान्यात रुजू होते." मला आत्याचा फार लळा.

म्हणून आम्ही दोघींनी मिळून वेबसाइट बनवली. महिना झाला तरी फोन एकदाही वाजला नाही. शेवटी मी टपालरावांना बोलावून आणलं.

टपालराव हे पोस्टातून निवृत्त झालेले, पण अजून पोस्टाच्याच गल्लीत राहणारे यंत्रमानव. तीस वर्षं पत्रं वाटली आणि मग त्यांचा आवाजच गेला. सुटे भाग कुठे मिळेनात, तेव्हा आत्याने त्यांच्या गळ्यात पेटीतली सूर देणारी एक पितळी पट्टी बसवून दिली. तेव्हापासून ते सुरात बोलतात आणि आत्याचे उपकार दिवसातून दोनदा तरी आठवतात.

मी त्यांना पडद्यावर वेबसाइट दाखवली. वर गणपती. त्याखाली 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'. मग पणजोबा, आजोबा, चार काका, मामेआत्या अशी एकवीस नावं, प्रत्येकाआधी श्री. किंवा सौ. आणि सगळ्यात खाली शाल पांघरलेल्या आजोबांचा फोटो.

"अहो मनवाताई, ही वेबसाइट आहे की लग्नपत्रिका?" टपालरावांनी विचारलं.

"मग काय करू?" आत्या फणकारली. "एकाचं जरी नाव राहिलं असतं ना, तर जन्मभर ऐकवलं असतं. पंधरा दिवस नुसता नावांचा क्रम लावण्यात गेले माझे!"

"बरं. आता मी गिऱ्हाईक. राहतो लातूरला. माझ्या पेटीचा भाता हवा धरत नाही. अदूबाई, या पानावर मला काय सापडेल?"

मी वरपासून खालपर्यंत पाहिलं. भात्याबद्दल एक शब्द नव्हता. फोन नंबर नव्हता. अगं बाई, दुकानाचा पत्तासुद्धा नव्हता!

"पत्ता काय लिहायचा? सगळ्यांना माहीतच आहे की," आत्या पुटपुटली.

"आणि ते तीनशे बारा जण?" मी विचारलं.

टपालरावांनी पाहुण्यांची नोंद उघडली. जवळजवळ सगळे 'सुतार परिवार' या आमच्याच नातेवाइकांच्या मोबाइल गटातून आले होते आणि दहा सेकंदांत परत गेले होते. ज्याने त्याने आपलं नाव पाहिलं आणि पान मिटलं! कोडं सुटलं. मला हसू आलं आणि दिवाळी आठवून लगेच रडूही आलं.

"रडायचं नाही. ऐका," टपालराव म्हणाले. "वेबसाइट म्हणजे पानांचा गठ्ठा. तो राहतो सर्व्हरवर (मागेल त्याला पान पाठवणारा, चोवीस तास जागा असलेला संगणक). वेबसाइटच्या नावाला डोमेन म्हणतात. पण संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. म्हणून नाव टाकलं की एका मोठ्या नोंदवहीतून त्याचा आकडा शोधला जातो आणि मागणी बरोबर त्या सर्व्हरकडे जाते. आम्ही पोस्टात पिनकोड बघायचो ना, तसंच. इथवर तुमचं काही चुकलं नाही. पण पाकीट अचूक पोचलं आणि आत पत्रच नाही, तर काय उपयोग?"

"मग पत्रात लिहायचं काय?"

"आधी येणाऱ्याचा प्रश्न ओळखायचा. मग त्याला उत्तर द्यायचं आणि पुढे काय करायचं तेही सांगायचं. एवढा आराखडा कागदावर झाल्याशिवाय संगणकाला हात लावू नका."

"लोकांचे प्रश्न मला काय ठाऊक?" आत्या म्हणाली.

तेवढ्यात माझं लक्ष भिंतीवरच्या तारेकडे गेलं. पेटी आली की आत्या गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्याच शब्दांत चिठ्ठीवर लिहिते आणि दोऱ्याने पेटीला बांधते. काम झालं की चिठ्ठी तारेत खोचते. वीस वर्षांच्या चिठ्ठ्या तिथे लटकत होत्या.

"आत्या, ते बघ!" मी ओरडले. टपालरावांनी आनंदाने वरचा सा लावला.

तीन दिवस आम्ही फरशीवर चिठ्ठ्या लावत बसलो. 'भाता हवा धरत नाही' यांचा सगळ्यात मोठा ढीग. मग 'न दाबताच वाजते'. मग 'उंदराने कुरतडली'. एक लहानसा ढीग होता, 'वडिलांची आहे, टाकवत नाही'. तो आत्याने बराच वेळ हातात धरला.

"हे शब्द बदलू नका," टपालराव म्हणाले. "शोधयंत्र (जगभरची पानं वाचून लक्षात ठेवणारी यंत्रणा) याच शब्दांवरून तुम्हाला शोधणार. तुम्ही 'वातगळती निवारण' लिहाल हो, पण विचारणार कोण?"

मग पानं ठरली. पहिल्यावर काय दुरुस्त होतं, पत्ता आणि ठसठशीत फोन नंबर. दुसऱ्यावर एकेक तक्रार आणि तिला लागणारे दिवस. तिसऱ्यावर पेटी नीट बांधून कशी पाठवायची ते. शेजारच्या काकूंना चष्म्याशिवाय मोबाइलवर वाचता आलं, तेव्हा कुठे टपालरावांनी मान डोलावली.

"पण माझी माणसं?" आत्या हळूच म्हणाली. "त्यांनीच तर शिकवलं मला सगळं."

"त्यांना शेवटचं पान दे," मी म्हटलं. "आणि कोणी काय शिकवलं तेही लिही."

आत्याने त्या पानाला 'आभार' असं नाव दिलं आणि लिहिता लिहिता डोळे पुसले.

नवी पानं चढवल्यापासून आठव्या दिवशी फोन वाजला. चक्क चंद्रावरच्या तळावरून एक बाई बोलत होत्या! "आमची पेटी न दाबताच वाजते हो. इथे एवढी एकच आहे, आणि पाठवता येत नाही." आत्याने पडद्यावर बघत त्यांच्याकडून पेटी उघडून घेतली. पट्टीखाली कचरा अडकला होता. तो काढला आणि पलीकडून टाळ्या ऐकू आल्या. मग लातूरहून फोन आला, मग धुळ्याहून. दिवाळीपर्यंत दुकानात अकरा पेट्या ओळीने उभ्या राहिल्या. कुलूप लावायची वेळच आली नाही. आत्या आता 'चंद्रावरच्या पेट्या' असं वेगळं पान करायचं म्हणतेय.

पाडव्याला आत्याने आभारात बाविसावं नाव घातलं: 'टपालराव. यांनी गिऱ्हाइकाच्या जागी बसून बघायला शिकवलं.'

"छे छे, मला कशाला नावबिव!" टपालराव म्हणाले, पण त्यांचा सूर जरा हलला.

मी आता रोज पाहुण्यांची नोंद बघते. सकाळी बरोबर आठ वाजता एक पाहुणा थेट शेवटचं पान उघडतो, दहा सेकंद थांबतो आणि जातो. तो येतो आमच्याच पोस्टाच्या गल्लीतून.