समासातला कबुलीजबाब

कबुलीजबाब मुलीच्या नावाने पडला होता, आणि मुलगी म्हणत होती की तो तिने लिहिलेलाच नाही.

पाचला महाविद्यालयाची समिती बसणार होती. मुलीचं नाव पटावरून जाणार होतं, तिला शिकवणाऱ्या मास्तरांची नोकरीही. तीनला तिचे वडील खासगी तपास करणाऱ्या वहिनींकडे धावत आले. वहिनींनी आपल्या दिराला, भावजींना, सोबत घेतलं आणि थेट ग्रंथालय गाठलं.

मास्तरांची पद्धत साधी होती. धडा संगणकावर सगळ्यांना खुला असे. जिथे अडेल तिथे मुलांनी बाजूच्या समासात, आपल्या खात्यातून, विचारायचं, इतरांनी उत्तर द्यायचं. कोणाला काय कळलं, कोण कुठे घसरलं, ते मास्तरांना त्यावरून दिसे. त्याच समासात काल दोनला ओळ उमटली होती : ‘सगळ्यांच्या अपरोक्ष सरांनी मला परीक्षेचा पेपर दाखवला.’

मुलगी दीडलाच ग्रंथालयातून उठली होती, पण तिथल्या संगणकावरचं आपलं खातं बंद करायला विसरली. दोनला तिथे तिघंच होते.

वहिनींनी आधी जुन्या नोंदी वाचल्या. नऊ दिवसांपूर्वी मुलीने विचारलं होतं, ‘अपरोक्ष म्हणजे पाठीमागे ना?’ वर्गातल्या हुशार मुलाचं उत्तर होतं, ‘उलट. अपरोक्ष म्हणजे डोळ्यांदेखत. पाठीमागे म्हणजे परोक्ष.’ खाली मुलीने लिहिलं होतं, ‘म्हणजे इतकी वर्षं मी चुकतच होते!’

मग तिघांची चौकशी झाली. हुशार मुलाने कबूल केलं की मास्तर तिचं कौतुक करतात ते त्याला खुपतं. ग्रंथपालबाईंचं मास्तरांशी संगणकांवरून वाजलं होतं. पण त्यांच्या परोक्ष आपण कधी बोललो नाही, जे काय ते तोंडावर, असं त्या म्हणाल्या. मास्तरांचे सहायक शांत होते. समासातली ओळन् ओळ आपण रोज तपासतो, असं त्यांनी सांगितलं. “पण माझ्या अपरोक्ष ती मास्तरांकडे जात असेल, तर मला कसं कळणार?”

“मुलगाच तो,” भावजी बाहेर येत कुजबुजले. “मत्सर वाईट.”

वहिनींनी घड्याळ पाहिलं. पाचला पाच मिनिटं होती.

समितीसमोर त्यांनी कालची ओळ आणि जुनी प्रश्नोत्तरं ठेवली. कालच्या ओळीत ‘अपरोक्ष’ हा ‘पाठीमागे’ अशा चुकीच्या अर्थाने आला होता. नऊ दिवसांपूर्वी जिची चूक सुधारली, ती मुलगी तोच शब्द उलट्या अर्थाने लिहिणार नाही. सुधारणारा मुलगाही नाही. तिची नक्कल करताना त्याने तो बरोबरच लिहिला असता. ग्रंथपालबाईंना शब्द नीट ठाऊक होता.

“उरलं कोण? जे रोज समास वाचल्याचं सांगतात, पण हे वाचलेलंच नाही, ते. आज माझ्याशी बोलतानाही त्यांनी तीच चूक केली.”

सहायकांनी मान खाली घातली. आठ वर्षं ते समास न वाचताच तपासल्याच्या सह्या करत आले होते. मास्तर गेले असते, तर जागा त्यांना मिळणार होती. मुलीचं काय होईल, याचा विचार केला नव्हता, असं ते पुटपुटले.

मुलीला आत बोलावलं. ती रडली नाही. उद्या तास आहे का, एवढंच तिने विचारलं.

“दहाला,” मास्तर म्हणाले.