पिवळी पट्टी

चित्रपटवाल्यांनी खिडकी मागितली तेव्हा थोरलीने आधी पडदे धुऊन काढले. पाण्याची टाकी, अंगण, फाटक, सगळं एका नजरेत दिसेल अशी तळमजल्यावरची खिडकी अख्ख्या वसाहतीत एकच होती आणि ती तिच्या बैठकीच्या खोलीत होती. शाळेत असताना नाटकातली बक्षिसंही तिनेच पटकावलेली. तेव्हा खिडकीत कोण बसणार, हा प्रश्नच नव्हता.

चित्रपट होता एका खुन्याचा. तो वसाहतीत शिरलाय, आज कोणाच्या दारात उभा राहील सांगता येत नाही, आणि माणसं सख्ख्या शेजाऱ्यालाही दार उघडेनाशी झालीत. गंमत म्हणजे खुनी पडद्यावर कुठेच दिसणार नव्हता. दिसायचे ते घाबरलेले चेहरे. त्यासाठी दिग्दर्शकाची सहायक समोर कुठेतरी पिवळी चिकटपट्टी लावायची. सगळ्यांनी त्या पट्टीकडे बघायचं, तो तिथे उभा आहे असं समजायचं.

धाकटी जाऊ चहाचा ट्रे घेऊन आत आली. दिग्दर्शकाने कप उचलता उचलता तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "खिडकीत ह्या बसतील."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. ही जाऊ घरात आल्यापासून सासूबाईंना चहा तिच्याच हातचा लागायचा, पाहुणे कौतुक करायचे तेही तिचंच. आता खिडकीसुद्धा तिची! पडदे धुताना दुखलेली कंबर चोळत थोरली कॅमेऱ्यामागे उभी राहिली.

धाकटीला अभिनयाचा गंध नव्हता. तरी कॅमेरा सुरू झाला की तिचा चेहरा उतरायचा, ओठ कोरडे पडायचे, आणि बघणारे श्वास रोखून उभे राहायचे. खोड एकच. पट्टी होती टाकीवर, आणि ही बघायची टाकीच्या अलीकडे. सहायक मुलीने टोकलं, तर दिग्दर्शकच म्हणाला, "नजर राहू दे. पट्टी हलव." पट्टी दिव्याच्या खांबावर आली. मग धाकटी खांबाच्या अलीकडे बघू लागली. पट्टी अंगणातल्या बाकावर आली, तिथून पायरीवर, आणि शेवटी खिडकीच्या गजावर.

"किती ते नखरे," थोरली मनात म्हणाली.

धाकटीने तिला स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, मला सोडवा ना यातून. तिथे कोणीतरी असतं."

"असणारच. एवढी माणसं आणलीत त्यांनी."

"त्यांच्यातलं नाही हो."

भाव खातेय, दुसरं काय! दुपारी थोरली ठेवणीतली साडी नेसून दिग्दर्शकापुढे उभी राहिली. "तिला ताप आलाय. मी बसते."

ताप न आलेली धाकटी दारातच होती. "ताई, नका बसू तिथे."

"माझं बरं बघवत नाही वाटतं तुला?" थोरली ओठांवरचं हसू न ढळू देता पुटपुटली.

ती बसली. डोळे विस्फारले, छातीवर हात नेला. दिग्दर्शक खाकरला. "बाई, हे नाटक झालं." मागे कोणीतरी खुदकन हसलं. दुसऱ्यांदाही तेच. थोरलीचे कान तापले. ही बया नेमकं बघायची तरी कुठे? तिला धाकटीची जराशी खाली आलेली हनुवटी आठवली, पट्टीच्या डावीकडे ओढली जाणारी नजर आठवली. तिने तसंच केलं.

अंगण रिकामं होतं. बाकावर ऊन होतं.

गजावर बाहेरून बोटं आवळलेली होती. चार. अंगठ्याखाली पट्टीचं टोक दुमडलं होतं.

ती बघत असतानाच बोटं सुटली.

बाहेर कोणी नव्हतं.

"कट! वा, बाई, वा!" टाळ्या पडल्या. ज्या टाळ्यांसाठी तिने एवढा जीव जाळला त्या ह्याच. तिला उठता येईना.

धाकटी पाणी घेऊन धावत आली. तिने गजाकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. पेला तिने थोरलीच्या हातात ठेवला. "ताई," ती हळूच म्हणाली, "मला आता नाही दिसत."

सहायक पट्टीचं रीळ घेऊन आली. "काकू, झकास झालं. फक्त शेवटी तुमची नजर खिडकीतून आत वळली. आता पुढचा शॉट तिथूनच धरू. पट्टी कुठे लावू?"

थोरली खोलीच्या आत बघत होती. तिची नजर धरून सहायक कॅमेऱ्याच्या मागे गेली आणि भिंतीजवळच्या रिकाम्या वेताच्या खुर्चीला तिने पट्टी लावली. "इथे?"

"अलीकडे."

सहायक एक पाऊल पुढे आली. "इथे?"

"अजून अलीकडे," थोरली म्हणाली.